स्निग्ध पदार्थ जवळजवळ बंद केले, तरी ट्रायग्लिसराइड वाढले. असे का झाले असावे?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४७ आहे. दहा महिन्यांपूर्वीच्या रक्ततपासणीत एलडीएल ('वाईट' म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल १५२, ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) १३८ आणि एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ४४ असे आकडे आले होते (सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). औषध लगेच सुरू न करता आधी आहार सुधारून पाहावा, असे डॉक्टरांनी सुचवले. मी त्याचा सरधोपट अर्थ असा घेतला की तेल, लोणी, सुकामेवा, अंड्याचा बलक, सायीचे दूध हे सगळेच वर्ज्य. त्याऐवजी मेदरहित गोड दही, फळांचे रस, मैद्याचा पाव आणि वेष्टनावर 'लो फॅट' असे लिहिलेली बिस्किटे घेऊ लागलो. भाज्या केवळ उकडून खातो.

मागच्या आठवड्यातल्या अहवालात एलडीएल १४१ वर आले आहे, परंतु ट्रायग्लिसराइड २१४ झाले आहे आणि एचडीएल ३७ पर्यंत घसरले आहे. वजन दीड किलोने वाढले, दोन जेवणांच्या मधली भूक असह्य होते आणि त्वचा कोरडी पडली आहे. मेद खाल्लाच नाही, तर रक्तात मेद वाढला कुठून, हे मला समजत नाही. त्यातच एक मित्र ठामपणे सांगतो की संपृक्त मेद (लोणी, साय यांत भरपूर असणारा) निर्दोष असल्याचे आता सिद्ध झाले आहे, तेव्हा लोणी मनसोक्त खावे. आहारात मेदाचे नेमके काम काय, तो किती असावा आणि कोणता असावा, हे कोणी नीट उलगडून सांगू शकेल का?

मात्रा

अर्धविराम, तुमच्या अहवालात मला विसंगती दिसत नाही. तुम्ही जे खाल्लेत तेच त्यात उतरले आहे. आहारातून मेद काढला की जेवणात एक पोकळी राहते आणि ती कशाने तरी भरली जातेच. तुमच्या बाबतीत ती साखरेने आणि मैद्याने भरली. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेपासून, विशेषतः फ्रुक्टोजपासून (फळांतली साखर), यकृत स्वतःच मेदाम्ले तयार करते, त्यांची ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधणी करते आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून ती रक्तात सोडते. हे कण वाढले की त्यांच्यात आणि एचडीएल कणांत मेदाची देवाणघेवाण होते, ट्रायग्लिसराइडने जड झालेले एचडीएल कण लवकर मोडीत निघतात आणि अहवालात एचडीएल घसरलेले दिसते. मेद अतिशय कमी आणि शुद्धीकृत पिष्टमय पदार्थ अतिशय जास्त अशा आहारात ही जोडगोळी, म्हणजे ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, नेहमीच आढळते. रक्तातला मेद तोंडावाटेच आला पाहिजे असे नाही, एवढे लक्षात घेतले की तुमचे कोडे सुटते.

आता मेदाच्या कामाविषयी. एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच प्रथिनांतून किंवा कर्बोदकांतून ४. या एका आकड्यामुळे मेद बदनाम झाला, परंतु त्याचे काम ऊर्जा पुरवण्यावर संपत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात. जेवणातला मेद लहान आतड्यात आला की पित्ताशय आकुंचन पावते, पित्तक्षारांमुळे मेदाचे सूक्ष्म थेंब होतात, आणि ही जीवनसत्त्वे व भाज्यांमधली कॅरोटिनॉइडे (पिवळी-लाल रंगद्रव्ये) त्या थेंबांबरोबर शोषली जातात. गाजर, पालक, टोमॅटो तेलाच्या थेंबाशिवाय उकडून खाल्ले, तर त्यांच्यातले बीटा कॅरोटिन बहुतांशी वाया जाते. म्हणजे तुम्ही ज्या भाज्या निष्ठेने खात होतात, त्यांचा पूर्ण लाभही तुम्हाला मिळत नव्हता.

याखेरीज दोन मेदाम्ले अशी आहेत की ती आपले शरीर बनवूच शकत नाही: लिनोलेइक आम्ल (ओमेगा ६) आणि अल्फा लिनोलेनिक आम्ल (ओमेगा ३). जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये मेद पूर्णपणे वगळलेल्या खाद्यावर उंदीर वाढवले, तेव्हा उंदरांची वाढ खुंटली, त्वचेवर खपल्या धरल्या आणि शेपट्या सडू लागल्या. तोपर्यंत मेद म्हणजे निव्वळ इंधन, अशीच समजूत होती. तुमच्या कोरड्या त्वचेवरून मात्र लगेच हाच निष्कर्ष काढू नका. प्रौढ माणसाच्या साठवणीतल्या चरबीत लिनोलेइक आम्ल पुष्कळ असते आणि ते बराच काळ पुरते, त्यामुळे त्वचेचे कारण दुसरे काही असू शकते.

प्रमाणाविषयी म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी एकूण ऊर्जेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी ऊर्जा मेदातून घ्यावी, संपृक्त मेद १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स मेद (मुख्यतः तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणारा) १ टक्क्याच्या आत ठेवावा. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ एकूण मेद सुमारे ६७ ग्रॅम आणि संपृक्त मेद सुमारे २२ ग्रॅम. हा हिशेब सगळ्या पदार्थांतला आहे, केवळ वरून घातलेल्या तेलाचा नव्हे.

तरीही मला स्वतःला एकूण टक्केवारी दुय्यम वाटते. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रकल्पात ४८,८३५ स्त्रियांपैकी एका गटाला कमी मेदाचा आहार दिला गेला. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००६ मध्ये निकाल आले, तेव्हा हृदयविकारात किंवा पक्षाघातात लक्षणीय घट दिसली नाही. याउलट अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरचे पुरुष जवळजवळ ४० टक्के ऊर्जा मेदातून घेत होते, पूर्व फिनलंडमधलेही साधारण तेवढीच. परंतु हृदयविकाराचे प्रमाण क्रीटमध्ये सर्वांत कमी होते आणि पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. एकीकडे ऑलिव्ह तेल होते, दुसरीकडे लोणी आणि साय. अशा निरीक्षणांतून कारण सिद्ध होत नाही हे मान्य आहे, पण 'मेद किती' या प्रश्नाने सगळे उलगडत नाही, हे त्यातून नक्की दिसते. कोणता मेद, आणि तो कशाच्या जागी, हे विचारावे लागते.

साखळी

मी नोकरीची बरीच वर्षे खाद्यतेलांच्या पृथक्करणात घालवली, तेव्हा 'कोणता' या भागावर थोडे लिहितो.

मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची साखळी. या साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ती सरळ राहते, अशा साखळ्या एकमेकींशेजारी दाटीने रचल्या जातात आणि मेद खोलीच्या तापमानाला घट्ट होतो; हा संपृक्त मेद. एक दुहेरी बंध असेल तर साखळीला बाक येतो, रचना सैल होते आणि तेल पातळ राहते, हा एकअसंपृक्त. दोन किंवा अधिक बंध असतील तर बहुअसंपृक्त. निसर्गात कोणतेही तेल शुद्ध एका प्रकारचे नसते, सगळी मिश्रणेच असतात. खोबरेल तेलात संपृक्त मेद ८० टक्क्यांहून अधिक असतो, लोण्यातल्या मेदाचा सुमारे ६० टक्के भाग संपृक्त असतो, पाम तेलात निम्मा, ऑलिव्ह तेलात १४ टक्क्यांच्या आसपास, तर मोहरीच्या कुळातल्या कॅनोला तेलात जेमतेम ७. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्लाचा भरणा असतो, मात्र त्याचेच 'हाय ओलेइक' (ओलेइक या एकअसंपृक्त आम्लाने समृद्ध) वाण ऑलिव्हच्या जवळ जाते. त्यामुळे बाटलीवरचे फुलाचे चित्र पाहून निर्णय घेण्याऐवजी मागचा तक्ता वाचावा. वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप असंपृक्त, हा समज तर खोबरेल आणि पाम ही दोन तेलेच खोटा ठरवतात.

ट्रान्स मेदाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आमच्या क्षेत्राची ती सर्वांत मोठी चूक होती. विल्हेल्म नॉरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ही क्रिया अर्धवट सोडली, तर उरलेल्या काही दुहेरी बंधांची दिशा उलटते, साखळीचा बाक जातो आणि असंपृक्त असूनही ती संपृक्तासारखी सरळ होते. असा मेद स्वस्त, टिकाऊ आणि बेकरीसाठी सोयीचा असल्याने १९११ पासून तो डब्यांत भरून विकला जाऊ लागला. पुढे लोण्याला आरोग्यदायी पर्याय म्हणून डॉक्टरांनीच मार्जरीन (तेलापासून बनवलेले कृत्रिम लोणी) सुचवले. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कटान या डच संशोधकांनी दाखवून दिले की ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि वर एचडीएल कमीही करतो, म्हणजे संपृक्त मेदापेक्षाही त्याचा परिणाम वाईट. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर जगात पहिल्यांदा कायदेशीर मर्यादा घातली. अमेरिकेने अर्धवट हायड्रोजनीकृत तेले सुरक्षित नसल्याचा निर्णय २०१५ मध्ये दिला आणि २०१८ पासून तो लागू होऊ लागला. शोधापासून बंदीपर्यंत शंभरहून अधिक वर्षे गेली.

अर्धविराम, तुमच्या बिस्किटांच्या घटकांच्या यादीत 'अर्धवट हायड्रोजनीकृत' असे काही आहे का, ते पाहा. तक्त्यात ट्रान्स मेद शून्य लिहिला असला तरी यादी वाचावी, कारण काही देशांत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिण्याची मुभा आहे.

उत्तरवाट

भुकेबद्दल एक गोष्ट आठवली. ध्रुवीय प्रदेशात वर्षानुवर्षे राहिलेले विल्यल्मर स्टेफानसन सांगत की चरबीविरहित मांसावर माणूस जगू शकत नाही, कितीही खाल्ले तरी भूक शमत नाही आणि काही दिवसांत तो आजारी पडतो. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय देखरेखीखाली त्यांनी केवळ मांसाहारावर राहून दाखवले. सुरुवातीला त्यांना मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले गेले, तेव्हा दोनतीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले, आणि चरबी दिल्यावर थांबले. हा आहार कोणी अनुसरावा असे मी सुचवत नाही. शरीर मेद मागते ते लाड म्हणून नव्हे, एवढेच सांगायचे आहे.

विरुद्धार्थी

वरच्या उत्तरांत संपृक्त मेदाला पुन्हा एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, ते मला पटत नाही. २०१० आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या दोन मोठ्या एकत्रित विश्लेषणांत संपृक्त मेदाचे सेवन आणि हृदयविकार यांच्यात स्पष्ट संबंध आढळला नव्हता. मिनेसोटामध्ये १९६८ ते १९७३ या काळात झालेल्या प्रयोगात ९,००० हून अधिक लोकांपैकी एका गटाच्या आहारातला संपृक्त मेद कमी करून त्यांना मक्याचे तेल दिले गेले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत, आणि त्या प्रयोगाची संपूर्ण माहिती २०१६ पर्यंत प्रकाशात आली नाही. अर्धविराम यांचा मित्र अगदीच चुकीचे बोलतो असे मला वाटत नाही. सात देशांच्या अभ्यासात देशांची निवड सोयीने झाली, हा आक्षेपही जुनाच आहे.

मात्रा

विरुद्धार्थी, तुमचे मुद्दे टाळता येण्याजोगे नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१० च्या विश्लेषणात जास्त संपृक्त मेद खाणाऱ्यांची तुलना कमी खाणाऱ्यांशी केली होती. पण कमी खाणारे त्याऐवजी काय खात होते, हे त्या तुलनेत वेगळे काढता येत नव्हते. ते पांढरा पाव आणि साखर खात असतील, तर फरक दिसणार नाही हे अपेक्षितच आहे, आणि अर्धविराम यांनी स्वतःवर नकळत केलेला प्रयोग नेमका हाच होता. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन नोंदी पर्यायांनुसार तपासल्या. संपृक्त मेदातून मिळणारी ५ टक्के ऊर्जा बहुअसंपृक्त मेदातून घेतली तर हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी कमी, एकअसंपृक्तातून घेतली तर १५ टक्क्यांनी आणि अखंड धान्यांतून घेतली तर ९ टक्क्यांनी कमी आढळला. साखर आणि शुद्धीकृत पिठातून घेतली, तर काहीच फरक नाही.

तुम्ही म्हणाल की हीसुद्धा निरीक्षणेच आहेत. मग प्रयोग पाहू. संपृक्त मेद किमान दोन वर्षे कमी केलेल्या यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले जातात) कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला, त्यात हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. एकूण मृत्यूंवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. मिनेसोटाचा प्रयोग मनोरुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात झाला होता, रुग्ण सतत येत-जात असत, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ प्रयोगातला आहार घेतलेले लोक एकूण संख्येच्या सुमारे चतुर्थांशच होते. शिवाय प्रयोगात वापरलेल्या त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यताही धरावी लागते. निकाल दडून राहिला ही गोष्ट मात्र लाजिरवाणीच, त्यावर आपले दुमत नाही.

यंत्रणेच्या बाजूनेही पाहावे. रक्तातले एलडीएल कण उचलून घेणारे ग्राही यकृताच्या पेशींवर असतात; त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. संपृक्त मेद जास्त झाला की या ग्राहींचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळते. अर्थात सगळी संपृक्त मेदाम्ले सारखी वागत नाहीत. स्टिअरिक आम्लाचा एलडीएलवर फारसा परिणाम होत नाही, आणि मेद समान ठेवला तरी चीजने एलडीएल लोण्याइतके वाढत नाही. त्यामुळे 'संपृक्त मेद म्हणजे विष' हे जितके ढोबळ विधान आहे, तितकेच 'लोणी मनसोक्त खा' हेही आहे. ज्यांचे एलडीएल १४१ आहे त्यांना दुसरे विधान अधिक महागात पडेल.

विरुद्धार्थी

पर्यायाचा मुद्दा मान्य आहे. एकूण मृत्यूंविषयीचे तुमचे वाक्य मात्र अशा चर्चांमध्ये अधिक वेळा लिहिले जावे, एवढा आग्रह ठेवतो.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. बिस्किटांच्या पुड्याची यादी आज प्रथमच वाचली. त्यात ट्रान्स मेद नाही, परंतु पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर आहे. गोड दह्याच्या एका डब्यात १९ ग्रॅम साखर निघाली, आणि मी दिवसाला दोन डबे खात होतो.

आता असा विचार आहे: रस आणि बिस्किटे बंद, साधे दही, रोज मूठभर अक्रोड किंवा बदाम, स्वयंपाकात ऑलिव्ह किंवा कॅनोला तेल, आणि आठवड्यातून दोनदा मासे. तीन शंका राहतात. अंड्याचा बलक परत सुरू करावा का? मासे जमले नाहीत तर जवस पुरेल का? आणि तळण्यासाठी कोणते तेल?

मात्रा

बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, पण बहुतेकांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल त्यापेक्षा आहारातल्या संपृक्त मेदावर अधिक अवलंबून असते. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतून रोजची ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ नंतर वगळली गेली ती त्यामुळेच. काही व्यक्तींमध्ये मात्र प्रतिसाद तीव्र असतो. आठवड्यातून तीनचार अंडी घेऊन पुढच्या अहवालात काय दिसते ते पाहा.

जवसात अल्फा लिनोलेनिक आम्ल भरपूर आहे. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारे डीएचए (माशांत मिळणारे ओमेगा ३ मेदाम्ल) त्यापासून आपल्या शरीरात फारच थोडे बनते, म्हणून जवस हा माशांचा पुरता पर्याय होत नाही. मासे अजिबात नको असतील तर शैवालापासून काढलेले डीएचए मिळते. जवस खायचेच असेल तर दळून खा, अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात.

साखळी

तळण्यापुरते माझे मत असे की शक्यतो कमी तळा, आणि तेच तेल पुन्हापुन्हा तापवू नका. लोक धूर येण्याच्या तापमानाचे तक्ते पाठ करतात, पण तेल बिघडते ते मुख्यतः दुहेरी बंधांवर ऑक्सिजनचा हल्ला झाल्यामुळे, आणि बहुअसंपृक्त मेद जितका जास्त तितका हा हल्ला सोपा. म्हणून उष्णतेसाठी ऑलिव्ह किंवा हाय ओलेइक सूर्यफूल चांगले. वापरलेले तेल गडद आणि चिकट झाले, फेस धरू लागले किंवा त्याला उग्र वास आला, तर ते टाकून द्यावे. जवसाचे तेल आणलेच तर गरम करू नका, लहान बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. अक्रोडही महिनोन्महिने उघडे राहिले की खवट होतात.

आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, एकदा तोलून पाहा. एक मोठा चमचा तेलही सुमारे १२० किलोकॅलरी देते. तेल चांगले आहे म्हणून ते मोजायचे नाही, असे होत नाही.

मात्रा

एक गोष्ट राहिली. ट्रायग्लिसराइड २१४ आले ती तपासणी उपाशीपोटी केली होती का? नसेल, तर पुढची तपासणी बारा तासांच्या उपवासानंतर करा, आणि आदल्या दिवशी मद्य टाळा. आहार बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसू लागतो, त्याआधी घाई नको. त्याच वेळी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. थायरॉइड मंदावलेली असली तरी कोलेस्टेरॉल वाढते, वजन वाढते आणि त्वचा कोरडी पडते.

अर्धविराम

तपासणी सकाळी न्याहारीनंतर तासाभराने झाली होती. न्याहारीत रस आणि पाव होता. थायरॉइडचे आजवर कोणी सुचवले नव्हते. दोन्ही गोष्टी या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून घेतो आणि नवा अहवाल आला की आकडे इथेच लिहितो.